खोरे

वडिलांच्या हातात खोरं असायचं,
चोंढ्यातली माती ओढायला.
माझ्या हातात आलं तेही खोरंच,
घाटमाथ्यापासून खाडीपर्यंतचं,
सहा इंची पडद्यावर मावणारं.

बोट टेकवलं की निळी रेष जाड होते.
घाटाखालचा पाऊस, मिलिमीटरमध्ये.
धरणाचे दरवाजे, टक्क्यांत.
खारेपाटणच्या पुलाला उलटा टांगलेला रडार
दर पंधरा मिनिटांनी नदीला विचारतो, कुठवर आलीस?
ती घाईतच उत्तर देते.
आमच्या नद्यांना वेळ नसतोच फार.
सकाळी कड्यावरून उडी, दुपारी खारट.

पहिल्याच आषाढात रडार म्हणाला,
पाणी पुलाला लागलं.
रात्री अडीचला भोंगा.
पेठेत हनीफ पाटणकरनं साखरेची पोती माळ्यावर चढवली.
नदी बारा फूट खाली होती, बेडकांसकट शांत.
टॉर्च मारली.
रडारच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलेलं.
"कोळ्याचो काय दोष?" शेवंती खवळे म्हणाल्या,
"जाळा टाकूक नाय तर काय करतलो?"
त्यांचं स्वतःचं खांद्यावर होतं, ओलं.

तेव्हापासून माझ्या बॅगेत लॅपटॉपशेजारी कुंचा असतो.

मग पिठोरीची अमावास्या.
वरून आलेलं, धरणानं सोडलेलं, मातीनं प्यायलेलं
सगळं धरून, वजा करून
आलेख रात्री अकराला खाली वळत होता,
समजूतदार पोरासारखा.
शेवंतीबाईंनी पडदा पाहिला, मग खाडी.
"अमास आसा. उधानाचा पाणी वर चढतला.
नदीक भायर पडाक वाट खंय गावतली?"

माझ्या गणितात समुद्र नव्हता.
एवढं खोरं मांडलं,
ओढे, विहिरी, बंधारे, कुणाच्या परसातली शेततळीसुद्धा,
आणि त्याला दार आहे,
ते दोन्हीकडून उघडतं,
एवढंच राहिलं.

धरणावर मोरजकरांना फोन केला.
थोडं धरून ठेवा, भरती मोडेपर्यंत.
त्यांनी वर विचारलं. वरच्यांनी आणखी वर.
पाणी मात्र खालीच येत होतं.
संध्याकाळी सातला एक दरवाजा उतरला.
एकच.
हनीफनं पोती पुन्हा माळ्यावर नेली,
माझ्याकडे न बघता.

रात्री पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं.
चौथी दुकानाची.
कशामुळे थांबलं, दरवाजामुळे की आपणहून,
ते पडद्याला सांगता येत नाही.
मलाही नाही.

आता तक्त्यात भरतीचा एक रकाना जास्त आहे.
त्याला मी नाव दिलंय शेवंती.
पुण्याहून तपासायला आलेले विचारतात,
हा कुठला गुणांक?
स्थानिक, मी म्हणते.

सोमवारी पुलावर वाकते, कुंचा फिरवते.
कोळी चार पावलं बाजूला सरकतो
आणि मी जायची वाट बघत बसतो.