शिवणीतली माया

कायसेरीच्या झाकल्या बाजारात, तांबटांच्या मागच्या बोळात
माझं दुकान. एक यंत्र, एक इस्त्री,
आणि जिथं दुसरं यंत्र होतं
तिथं फरशीवर चार पायांचे फिकट ठसे.

जावयानं, तुनजायनं, फोनमध्ये एक्स्चेंज टाकून दिलं.
म्हणाला, लिरा म्हणजे उन्हात ठेवलेलं लोणी.
हे बघा कँडल. हिरवी वर, लाल खाली.
एवढं तर तुम्हाला कळेलच.

कळलं. त्याहून जास्त कळलं, तोच घोटाळा.
रेषा ओढायचं काम मी चाळीस वर्षं करतोय,
खडूनं, फूटपट्टीनं, बाकदार पट्टीनं.
दोन तळ जोडले, ट्रेंडलाइन झाली.
तिसऱ्यांदा भाव तिला टेकून माघारी वर गेला
तेव्हा बोटांना ओळखीचं काहीतरी वाटलं,
कापड कात्रीला होकार देतं ना, तसं.

मग मी थांबलो नाही.
पन्नास दिवसांची सरासरी निळी, दोनशेची तपकिरी,
बॉलिंजरचे पट्टे कमरेपाशी आवळलेले,
खाली आरएसआय, आजाऱ्याच्या तापासारखा तासातासाला बघायचा.
नुरहान चहा ठेवून गेली. जाता जाता म्हणाली,
एवढे कपडे चढवलेस त्याला,
श्वास तरी घेता येतोय का?

त्या रविवारी, रात्री दोन वाजता, चार तासांच्या चार्टवर
मला तो दिसला.
डावा खांदा. डोकं. उजवा खांदा.
ट्रेडर लोकांनी आकाराला खरंच असं नाव ठेवलंय,
आणि खालून जाणाऱ्या रेषेला म्हणतात गळ्याची रेष.
मी एकटाच हसलो.
लाखो लोक जागे असतील त्या घटकेला,
पण हा माणूस मापाला माझ्याकडे आला होता.

उजवा खांदा उतरलेला.
हुबेहूब मुहलिस बे,
बत्तीस वर्षं टपालाची थैली एकाच बाजूला.
नियम पाठ होता: गळ्याची रेष तुटली
की डोक्याच्या उंचीएवढा भाव खाली येतो.
विकायचं. तिथंच.

पण उतरलेल्या खांद्याचं काय करतात
ते शिंप्याला विचारा.
आत पॅड घालतात.
मी रेष पुसली, नखभर खाली ओढली.
पुन्हा पुसली. कँडलच्या वाती सोडून अंगावरून ओढली.
आरएसआय चौदाचा एकवीस केला,
चार तासांचा चार्ट दिवसाचा केला,
खांदे सरळ झाले.
इतका देखणा कोट मी जन्मात शिवला नव्हता.

पहाटेच्या अजानआधी तो उसवला.
एकच लाल कँडल, गळ्यापासून घोट्यापर्यंत.
दुसऱ्या यंत्राचे पैसे. नुरहानच्या दोन बांगड्या,
ज्यांचं तिला अजून सांगायचं आहे.
कापड फाटताना निदान आवाज होतो.

कच्चा दोरा ओढून काढावा तसं
मी एकेक काढत गेलो: पट्टे, सरासऱ्या, रेषा.
उरला नुसता भाव, उघडा.
तो मापाला आलेलाच नव्हता कधी.

नऊ वाजता मुहलिस बे आले. टोपीवर बर्फ.
जुना कोट काखेत.
जरा सुटलोय म्हणाले, बसत नाही.
मी कोट उलटा केला.
शिवणीत दोन बोटं माया होती,
मीच सोडलेली, अकरा वर्षांपूर्वी, त्यांना न विचारता.
माणूस सुटतो, वाळतो,
शिंपी ते धरूनच कापतो.

काय झालं, त्यांनी विचारलं.
काही नाही. हात वर करा.

फोन थरथरला. अलार्म मी काढायचा विसरलो होतो.
भाव परत वर येऊन
गळ्याच्या जुन्या रेषेला खालून टेकत होता,
पहिल्या रेषेला, जी मी पुसली होती.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
मी उजव्या खांद्याचं माप पुन्हा एकदा घेतलं,
जसा होता तसं.