नव्याण्णव

पिशवीत नव्याण्णवच मावतात.
शंभरावी बाटली समोर आली की
खेळ म्हणतो, जागा नाही,
आणि मी ती गवतात तशीच सोडून पुढे जातो
दोनतीनदा मागे वळून बघत.

निळ्या बाटल्या नव्याण्णव.
मेलेल्याला उठवणारी पिसं अकरा.
एक भाला, ज्याचा एकच वार होतो
म्हणून कधीच न झालेला.
आग्नेल स्विंडनहून हेडफोनमध्ये ओरडतो,
तिकडे साडेसात, इथे कुडचड्यात रात्रीचा एक:
"पी मरे! कोणाखातीर दवरल्यात?"
त्याने स्वतःच्या सगळ्या पहिल्याच गुहेत संपवल्या,
एका वटवाघळापायी.
शाळेतही तो डबा पहिल्या तासाला खायचा.
पासपोर्ट आला त्याच आठवड्यात गेला
घराची चावी माझ्या हातात कोंबून.
तीही आहे. जपून ठेवली आहे.

मी मात्र लंगडत चालतो.
जिवाची पट्टी नखाएवढी उरलेली, लाल लुकलुकणारी,
दगडाआड बसून श्वास धरतो
कारण याहून मोठा कोणीतरी पुढे असणार,
खऱ्या गरजेचा दिवस अजून यायचाय.

हे मी कुठे शिकलो?
परसात आमचा टिप्पर उभा आहे
खाणी बंद झाल्या त्या वर्षापासून,
निळ्या ताडपत्रीखाली.
कोठीत सहा नवे टायर, वरचा कागदही न फाडलेले.
बंदीच्या आदल्या महिन्यात बाबांनी उधारीवर घेतले.
उधारी फिटली. टायर आहेत.
मडगावचा एकजण दोनदा भाव सांगून गेला.
"सीझन सुरू जातकच लागतले,"
बाबा म्हणतात, आणि दर रविवारी सकाळी
घड्याळ लावून पाच मिनिटं इंजिन चालवतात,
मग बंद.
शेजारची फिलोमेना तेवढा वेळ खिडकी लावून घेते.

आईचं वेगळं. ती मे महिन्यात पुरुमेंत भरते,
सुके बांगडे, सोलं, मीठ, मिरच्या,
आणि चवथीपर्यंत बरण्यांचे तळ वाजू लागतात.
संपलं, म्हणते, आणि बरणी उन्हात पालथी घालते.

काल रात्री शेवटचा राक्षस मेला.
चाळीस मिनिटं, साध्या तलवारीने,
पिशवीची गाठ न सोडता.
मग नावं वर सरकू लागली, शेकडो, जपानी,
खाली व्हायोलिन.
मी वाट बघत राहिलो की आता कोणीतरी विचारेल,
हे उरलेलं सगळं कुठे जमा करणार?
कोणी विचारलं नाही.
पडदा काळा झाला, त्यात मी दिसलो, बनियनवर.

मग परत गेलो. पहिल्या गावात,
जिथे कोंबड्या फिरतात आणि कोणी कोणाला मारत नाही.
विहिरीपाशी उभं राहून एक बाटली काढली.
खेळ म्हणाला, तुमची शक्ती पूर्ण आहे.
पुन्हा दाबलं.
तुमची शक्ती पूर्ण आहे.

तेव्हा लोहाराच्या भट्टीत चालत गेलो.
पट्टी अर्ध्यावर येईस्तोवर पाय जळू दिले.
लोहार म्हणाला, आज हवा बरी आहे,
त्याच्याकडे तेवढी दोनच वाक्यं आहेत.
बाहेर येऊन प्यायलो.
घटाघट आवाज, थोडी निळी चमक.
झालं.
अठ्ठ्याण्णव.

आग्नेलला फोन लावला, तो उचलेना,
रात्रपाळीला असणार, खोकी मोजत.
खाली परसात ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.
रविवार उजाडला होता आणि मला पत्ताच नाही.
इंजिन दोनदा खाकरलं, तिसऱ्यांदा लागलं.
खिडकी लावल्याचं ऐकू आलं.
मी अंथरुणावर बसून मिनिटं मोजली, सवयीने.

सहावं मिनिट लागलं.
सातवं.
बाबांनी गिअर टाकला.