दर, तारीख आणि शेरा

शाहूपुरीच्या मार्केट यार्डात, गुळाच्या पेढीवर,
तीन दिवस मी नुसती मोजत बसले होते:
पान किती वेळा बदलतं, कोण बदलतं,
आणि बदललं नाही तर कुणाचं काय अडतं.

तारीख रोज बदलते. तिला माणूस लागत नाही.
ती मी पहिल्याच दिवशी घड्याळाच्या स्वाधीन केली.
आवक बदलते. रव्यांचा आकडा गेटावरच्या संगणकात असतोच,
तिथून उचलायचा, इथे ठेवायचा.
दर बदलतो सौदे सुटल्यावर, एकच्या सुमारास.
अर्ध्या दिवसाचं काम, मग जन्मभर सुट्टी.

पण जिनगोंडा मगदूम, वय एकसष्ट
(दिवाणजीच म्हणतात त्यांना अजून),
दोन बोटांनी टाइप करतात.
आधी चष्मा पुसतात, मग बोटं, कारण बोटांना गूळ,
आणि की-बोर्डावरचा 'र' कायमचा चिकटलेला.
दर टाकून झाला की पुढे एक ओळ लिहितात,
कुणी न सांगता:

माल बरा. रंगानं मार खाल्लाय.

सांगरूळच्या गाड्या उशिरा. घाई नको.

कागलकडचा एक नंबर आलाय, बघून जावा.

आणि शिमग्याच्या आठवड्यात, नुसतंच:
ऊन लई.

"खोड आहे त्यांची," सुनेत्राताई म्हणाल्या,
पेढी आता त्याच बघतात,
"काढून टाका. सगळं आपोआप करा.
गुजरातच्या गिऱ्हाइकाला आमच्या उन्हाचं काय?"

केलं. अकरा दिवस पान असं चाललं
की मला माझाच हेवा वाटला.
एक वाजून पाच मिनिटांनी आकडा हजर,
ना चूक, ना उशीर, ना चिकट 'र'.

बाराव्या दिवशी हमालीवरून यार्ड बंद.
सौदे नाहीत, गेटाला कुलूप,
आणि पानावर आजची तारीख, शेजारी कालचा दर.
तारीख खरी. दरही खरा.
दोन्ही मिळून खोटं.
राधानगरीहून भरून आलेला एक टेम्पो
संध्याकाळपर्यंत उन्हात उभा,
ताडपत्रीखाली रवे घामेजलेले,
आणि ड्रायव्हर मोबाईल माझ्यापुढे धरून:
"ह्यात तर चालू दावतंय की ओ."

त्याच रात्री मेहसाण्याहून फोन.
दराबद्दल अक्षर नाही. विचारलं,
तुमचा तो माणूस आजारी आहे का?
ओळ दिसत नाही. "लई" म्हणजे फार, एवढं कळतं आम्हाला.
ते वाचलं की आम्ही गाडी रात्रीची भरायला सांगायचो.

मी खोड म्हणून पुसलेली ती माहिती होती.

मग पुन्हा बसले, वही घेऊन, पेढीच्या ओट्यावर.
आवक यंत्राकडेच राहू दे, तिला मत नसतं.
दर यंत्रानं आणावा, पण उंबऱ्यात थांबावं;
दिवाणजींनी बघून बटण दाबलं तरच आत.
घड्याळाला दिलेली तारीख मी परत मागून घेतली
आणि दराच्या पदराला बांधली.
शेऱ्याची चौकट रिकामी. सक्ती नाही.
'आज शेरा नाही' असं आपोआप उमटावं म्हणून
चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही खोडल्या.

"आन मी न्हाई आलो तर?" दिवाणजींनी विचारलं.
"तर पान कालचंच राहील. कालच्याच तारखेनं."
ते हसले. म्हणाले, "चरकाला मोटार लावली
तवा कुणी रडलं न्हाई. पर काहील कधी उतरायची
ते गुळव्याच सांगतोय अजून."
किती वर्षं गुऱ्हाळावर होता, मी विचारलं.
"मी? एक दिवस न्हाई. ऐकीव हाय."

आज एक वाजून वीस मिनिटं झालीत.
दर येऊन थांबलाय.
सुनेत्राताई घड्याळाकडे बघतायत, मग माझ्याकडे.
दिवाणजी बोटं पुसतायत.