वाढ

महापालिकेनं आमची शाळा ट्रस्टला चालवायला दिली
तेव्हा पट होता एकेचाळीस,
आणि पाचवीच्या वर्गात छताखाली एक बादली असायची,
ती दर तासाला रिकामी करावी लागे.
हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं ऐकून
वाटेल, बाई कुरकुरतेय.

आता छत गळत नाही.
मुलींच्या संडासाला आतून कडी आहे.
नवापुऱ्यातून, वाडीतून, पार तरसालीहून
रिक्षात कोंबलेली मुलं येतात. पट एकशे बारा.
ट्रस्टकडे बडोद्यातल्या चार शाळा, जूनपासून सात.
'कमळ'च्या पुढं न सरकणारी जागृती भोई
परवा अख्खा धडा वाचून वर विचारते,
"बेन, पुढं काय झालं त्या माणसाचं?"
म्हटलं, पुस्तकात एवढंच आहे.
तिला पटलं नाही.

अमदाबादहून निकिताबेन येतात, लॅपटॉप घेऊन.
जूनमध्ये चाचणी, डिसेंबरात चाचणी, मार्चमध्ये चाचणी,
अंगणवाडीत बाळाला काट्याला टांगतात तशी.
वाचन : एकतीसवरून अडुसष्ट टक्के.
भिंतीवर हिरवे खांब उभे राहतात
आणि आम्ही चौघी टाळ्या वाजवतो.
खऱ्या टाळ्या. माझ्यासुद्धा.

फक्त एक खांब आतून कसा भरलाय
ते मला ठाऊक आहे.

रोनक कहार. दिवाळीच्या सुट्टीनंतर वीस दिवस गैरहजर,
बापाबरोबर तळ्यात, शिंगाडे काढायला.
निकिताबेन आवाज न चढवता म्हणाल्या,
"येतच नाही, तर दाखला देऊन टाकायचा का?
म्हणजे सरासरी…"
उरलेलं वाक्य मी पुरं केलं,
माझ्या वळणदार अक्षरात, लाल शाईनं :
स्थलांतरित.

कुठं स्थलांतरित?
तळं सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर.

मार्चमध्ये खांब दोन बोटं उंच झाला.
त्याच आठवड्यात फाटकावर नवी पत्र्याची पाटी लागली,
'मोफत शिक्षण, उत्तम गुणवता'.
नारळ फुटला, फोटो निघाले,
साहेबांनी पाटी वाचली, आम्ही वाचली,
सगळ्यांनी मान डोलावली.
बाहेर सायकल धरून रोनक उभा,
कॅरिअरला मासळीची ओली टोपली.
ओठ हलताहेत, बोट हवेत एकेक अक्षर गिरवतंय.
"बेन, यात एक त कमी आहे."

मी वर पाहिलं.
होता कमी.

हे कुठल्या रकान्यात भरू?
जो पटावर नाही त्याचं वाचन
कुणाच्या टक्क्यात धरायचं?
निकिताबेनना विचारलं असतं,
पण त्या साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेल्या होत्या.

मधली सुट्टी. गुरुवार, म्हणजे सुखडी.
रांगेच्या शेवटी तो, हात शर्टाला पुसत.
रमिला माझ्याच हाताखाली शिकलेली,
आता इथंच जेवण वाढते.
ती थांबली. "बेन, हा कुठं आपल्यात?
माझा आकडा एकशे बाराचा."

"वाढ," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली,
मग दोन वड्या ठेवल्या त्याच्या हातावर.

संध्याकाळी स्टुलावर चढून
पाटीत तो अर्धा त मी खडूनं घातला.
जागा नव्हती, दाटीवाटीनं बसवला.
बाकीच्या अक्षरांच्या मापाचा नाही तो.
लांबून बघितलं तर
आधी तोच दिसतो.