पाणी प्यायला उठलेला माणूस

ऑरिन ब्रूसार, वकील, माजी स्टेट सिनेटर,
असं त्यांच्या कार्डावर होतं.
मनामात 'माजी'ला कोण विचारतो?
इथे सगळेच कशाचे तरी माजी.
मी राजापूरच्या कोर्टातला माजी टायपिस्ट,
चहा देणारा कुन्हाली माजी गोलकीपर.

गुदैबियाच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
पडदे कायम ओढलेले.
ते सांगायचे, मी टाइप करायचो.
एकदा म्हणाले, मीही आखातातलाच रे,
हे नव्हे, आमचं.
तिथेही समुद्रात तेलाचे मनोरे,
तिथेही कोळंबी,
तिथेही शर्ट पाठीला चिकटतो.

मग हळूहळू निघत गेलं.
बाप कोळंबीच्या बोटीवर, बोट दुसऱ्याची.
लॉ कॉलेज रात्रीचं, दिवसा बर्फाच्या कारखान्यात.
पहिली निवडणूक एका बेकरीवाल्याशी,
एकशे बारा मतांनी जिंकली.
पुढे बावीस वर्षं
पूल, शाळांच्या बस, डासांची फवारणी,
अंत्ययात्रांना हजेरी.
(हे आपल्याकडेही असंच, मी म्हणालो.
ते हसले नाहीत.)

आणि एक बिल.
तेल सांडलं की बोटवाल्यांना भरपाई.
स्वतः लिहिलेलं, स्वल्पविरामासकट.
मतदानाला नाव पुकारलं
तेव्हा ते कॉरिडॉरमध्ये पाणी पीत होते.
बिल एका मताने पडलं.
'मी विरोधात मत दिलं नाही,' ते म्हणाले,
'मला तहान लागली होती.'
पुढच्या निवडणुकीत बोटवाल्यांनाही
तहान लागली. कोणी घराबाहेर पडलंच नाही.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
रमजानात, ऑफिस लवकर सुटलं तेव्हा.

पण मी आधीच मोजत होतो.
परांची बांधणारे सात जण यायचे, जगतियालचे,
नऊ महिन्यांचा पगार थकलेला,
आणि थकवणारी कंपनी आमची अशील.
ते दारात उभे राहिले
की साहेब कूलरकडे जायचे.
एक ग्लास. दोन. खिडकीशी तिसरा.
तोवर मी सांगायचो, साहेब मीटिंगमध्ये आहेत.
हिंदीत सांगायचो,
हिंदीत खोटं बोललं की ते आपलं वाटत नाही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी
कूलरची बाटली रिकामी होती.
ती मागवायचं काम माझं.
विसरलो का, विचारू नका.

कागदाचा पेला हातात घेऊन
ते नळाशी उभे राहिले,
नळ दाबला, सोडला, पुन्हा दाबला.
सातांतला सर्वात धाकटा, गड्डम नावाचा,
पिशवीतून आपली बाटली काढून पुढे आला.
कोमट पाणी, वर सरबताचं जुनं लेबल.
साहेबांनी घेतली.
प्यायले नाहीत.
टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, टाइप कर.

पत्र अशिलालाच होतं. अकरा ओळी.
पैसे द्या, तारीख घाला,
नाहीतर दुसरा सल्लागार शोधा.
स्वल्पविराम त्यांनी पुन्हा तपासले.

कंपनीने दुसरा सल्लागार शोधला.
चौघांना पैसे मिळाले,
तिघे तोवर परत गेले होते, गड्डम त्यांतला.
त्याचा पत्ता माझ्याकडे नव्हता,
मी लिहूनच घेतला नव्हता.

जाताना साहेबांनी मला एक खोका दिला.
शेवटच्या निवडणुकीच्या उरलेल्या पेन्सिली,
पिवळ्या, नाव छापलेल्या, तीनशेच्या वर.
वाटायचं राहून गेलं, म्हणाले.

आता राजापूरला माझी मुलगी त्या वापरते.
टोक काढता काढता साहेब कमी होत जातात,
आधी ऑरिन गेला, मग ब्रू.
परवा तिने बोटभर उरलेली पेन्सिल आणून
इंग्रजी अक्षरं जुळवत विचारलं,
बाबा, यावर 'सार' का लिहिलंय?

चुलीवर आमसुलाचं होतं.
म्हटलं, भातावर घे,
आणि ती पेन्सिल
टाकू नकोस.