खोली क्रमांक नऊ

ग्रिम्सबी. पहाटेचे पाच चाळीस.
गोदीकडून सीगलची भांडणं. मी टॅब उघडते.
ईनिड थॅकरे, वय एक्याण्णव.
नोंदीत त्यांना 'शी' लिहायचं,
मनात मात्र 'त्या'च.

पहिल्या महिन्यात लिहिलं होतं:
'रात्रभर अस्वस्थ. हट्टीपणा.'
मॉरीन, आमची मॅनेजर, चष्म्यावरून म्हणाली,
अस्वस्थ म्हणजे तुला दिसलं काय?
आणि हट्टी कुणाच्या हिशेबानं?

मला अण्णाच आठवले,
मंगळवेढ्याच्या ठाण्यातले जमादार.
हाताखालच्या पोरानं पंचनाम्यात 'भयंकर' लिहिलं
की कागद परत.
भयंकर म्हणजे किती फूट, किती इंच?

मग लिहू लागले.
दोन दहा: दोन्ही हात पांघरुणावर. उजवा अंगठा
आत, बाहेर, वळसा, ओढ.
दोन पंचवीस: तेच. दुखतंय का विचारलं. 'नाही' म्हणाल्या.
दोन चाळीस: तेच. काहीतरी मोजत असाव्यात
'असाव्यात' खोडलं.
ऐकू आलं ते: बत्तीस, तेहेतीस.

अकरा रात्री हेच.
गुरुवारी डॉक्टर आले, झोपेची गोळी वाढवायला.
शेजारी बसलेल्या भाचीला नोंद वाचून दाखवली.
वळसा, ओढ
इथे तिनं त्यांचा हात धरला.
मावशी जाळी विणायची, म्हणाली. ट्रॉलरची.
चौदाव्या वर्षापासून,
आणि लग्नानंतर परसात, दाराच्या कडीला दोरी बांधून.

गोळी वाढली नाही.
आराखड्यात एक ओळ वाढली:
रात्री हात चालू लागले तर सुतळी द्यावी.

आज दोन वाजता दिली.
मीही एक गाठ घातली. त्यांनी पाहिली,
उसवली,
आणि एक शब्द उच्चारला.
जसाच्या तसा नोंदवलाय. मॉरीन हसेल.

फोन थरथरतो. भावाचा मेसेज, मंगळवेढ्याहून:
आई बरी आहे, काळजी करू नकोस.

बरी म्हणजे काय, धनू?
किती वाजता उठली? भाकरी अर्धी की चतकोर?
मोरीपर्यंत गेली ती भिंत धरून का?
तुला दिसलं काय, ते लिही.

पाठवत नाही. खोडते.
तिथे अकरा वाजायला आलेत, तो दुकानात असेल.

सहा दहा: झोपल्या आहेत. श्वास मिनिटाला सोळा.
सुतळी उजव्या मुठीत, काढून घेतली नाही.
गाठी सात.
पैकी एक माझी, त्यांनी पुन्हा घालायला लावलेली.
वाचून पाहिलं. बरोबर आहे.