गळती

माझ्या वहीत ती पहिल्यांदा आली अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये:
"स्ट्राउटमाने, वेल्गा. वय सतरा.
बासरी लेनिनग्राडच्या कारखान्यातली, निकेल उडालेलं.
सोळाही गाद्या कुजक्या."
मासळी डब्यात भरणाऱ्या कारखान्याच्या बँडमधून
बापानं मागून आणलेली. नळीला हेरिंगचा वास.
पैसे नव्हते. तिनं कॉफीची पुडी ठेवली टेबलावर
आणि उभी राहिली, जणू मी डॉक्टर
आणि आत कुणीतरी निजलंय.

लिएपायात वाऱ्याला कुणी विचारत नाही, कुठून आलास.
तो घरातलाच. दार ओढून घेतलं नाही
तर पानावरही येऊन बसतो.
पण त्याच वाऱ्याला नळीत घालून
थांब म्हणायचं, वळ म्हणायचं, आता बारीक हो म्हणायचं
तर भोकं घट्ट मिटावी लागतात.
ते माझं काम.
सिगारेटचा कागद गादीखाली सरकवायचा, कळ मिटू द्यायची,
कागद हळूच ओढायचा.
अडकला तर ठीक. सुटून आला तर गळती.
चाळीस वर्षं झाली, कागद ओढतोय.

पुढे ती रीगाला गेली. ऑर्केस्ट्रात दुसरी खुर्ची,
एकोणीस वर्षं दुसरीच.
कर्ज काढून चांदीची बासरी घेतली, तीही माझ्याकडेच यायची.
तिचं काय चाललंय ते मला वर्तमानपत्रांतून कळलं नाही,
धातूवरून कळलं.
डाव्या तर्जनीच्या मुळाशी नळी टेकते, तिथली चांदी खंगली:
सराव वाढलाय.
ओठपट्टीला काळसर कड: दौरा, हॉटेलं, पुसायला उसंत नाही.
एका वर्षी झीजच नाही.
मी विचारलं नाही. एक स्क्रू बदलला, पैसे घेतले नाहीत.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात आली
ती काखेत कागदांची गुंडाळी घेऊन.
त्यांवर सूर थोडे; बाण, फुल्या, रिकाम्या चौकटी फार.
"लिहायला लागलेय," म्हणाली,
एखादी म्हणेल प्यायला लागलेय, तशी.
मी बासरी तपासली. जी-शार्पच्या कळीत गळती.
दहा मिनिटांचं काम.

"राहू दे."

राहू दे म्हणजे?
तिनं वाजवून दाखवलं. सुराच्या कुशीला आणखी एक सूर,
अर्धा, तापलेला,
शेजारच्या खोलीत कुणी झोपेत बोलावं तसा.
"हा हवाय मला. चौदा मिनिटं."

मी चिडलो. सुताराला सांगावं का, खुर्ची डुगडुगतीच ठेव?
लोक हसतील, म्हटलं. तुला नाही, मला.
"मग पत्रिकेत तुझं नाव छापते," ती म्हणाली,
"दुरुस्ती न करणारा."
आणि छापलं की!

लाकडी चर्च, पन्नासेक माणसं. सहा उठून गेली.
अकराव्या मिनिटाला तिनं फुंकणंच सोडलं.
नुसत्या कळा, टकटक,
आणि नळीतून आत जाणारा, बाहेर येणारा श्वास.
पुढच्या रांगेतला गृहस्थ घड्याळ बघत होता.
मी माझे हात.

नंतर ओस्लोहून पत्र, गेंटहून पत्र:
आमची बासरी धडधाकट आहे, फट नेमकी किती ठेवायची?
वेल्गा ती पत्रं माझ्याकडे पाठवते.
मी उत्तर देतो: दाढीच्या पात्याइतकी. जुन्या पात्याच्या.

गेल्या आठवड्यात केर्ट नावाची पोरगी आली, तालिनची,
हातात तीच चांदीची नळी.
बाईंचा दम आता पुरत नाही, म्हणाली. बाई फक्त लिहितात,
आणि लिहून झालं की मला म्हणतात, हे श्वास घेऊन दाखव.
बासरी मला दिलीय. तेवढी नीट करा.

पंधरा कळांत कागद अडकला.
सोळावीतून सुटून आला, विनातक्रार,
जसा इतकी वर्षं.
माझ्या हातात गोंदाची बाटली होती.
पोरगी खिडकीबाहेर बंदरातल्या क्रेनकडे बघत होती.

वहीत लिहिलं: "तपासली. ठीक आहे."